बंडीतली कुऱ्हाड आणि कायद्याची कलमं

वैशाख सरत आला की वऱ्हाडातल्या लोहाराच्या भात्याला उसंत नसते. वखराच्या पासा, विळे, कुऱ्हाडी पाजवून घ्यायला बाजाराच्या दिवशी दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूरकडे शेतकरी येतात. वरुड-मोर्शीच्या संत्राबागांत सल काढायला धारेचं अवजार लागतं, सोयाबीनच्या सोंगणीला विळा लागतो आणि घरात पावशीशिवाय भाजी चिरली जात नाही. ही पाती बाळगणाऱ्या माणसाकडे कायदा कसा बघतो, हा आजचा विषय.

1959 चा शस्त्र कायदा या माणसाच्या बाजूचा आहे. हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी घडवलेली वस्तू म्हणजे शस्त्र. केवळ घरकामासाठी किंवा शेतीसाठी घडवलेली वस्तू त्यात येत नाही, असं त्याची व्याख्याच सांगते. नियमांत मापही दिलं आहे. पातं 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद असलेल्या सुऱ्या आणि तशी हत्यारं शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामाची पाती मात्र वगळलेली आहेत. शिवाय कलम 4 ची परवान्याची अट केंद्र सरकारने अधिसूचनेने ठरवलेल्या भागांतच लागू होते. कुऱ्हाडीचं पातं 2 इंचांहून सहज रुंद भरतं, तरी ती शेतीचं अवजारच राहते.

अडचण दुसऱ्या कायद्यापाशी सुरू होते.

1951 च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम 37 पोलीस आयुक्तांना आणि जिल्हादंडाधिकाऱ्यांना शस्त्रबंदीचा अधिकार देतं. तलवारी, भाले, सुरे, काठ्या, लाठ्या आणि शारीरिक इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू त्यात बसते. 'कोणतीही वस्तू' म्हटल्यावर विळाही आला. असा आदेश ठरावीक काळापुरता असतो. पण सणावारांत आणि निवडणुकांत एक संपला की दुसरा निघतो. त्यात कर्तव्यावरच्या सरकारी कर्मचाऱ्यांना सहसा सूट असते. शेतमजुराचा उल्लेख क्वचितच.

अशा आदेशांची गरज कुणी नाकारू नये. नोव्हेंबर 2021 मध्ये अमरावतीने आणि मे 2023 मध्ये अकोल्याच्या जुन्या शहराने दंगल पाहिली आहे. पण मे महिना मशागतीचा, नोव्हेंबर कापूस वेचणीचा. शहरातून अवजार पाजवून गावी परतणाऱ्याला नाक्यावर अडवलं, तर हे कामासाठी आहे, हे त्याने कसं पटवायचं?

मेळघाटात हा प्रश्न आणखी टोकदार होतो. देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांत मेळघाट होता. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातली हत्याराची व्याख्या फार रुंद आहे. तिच्यात जाळं, गळ, फास आणि साधी सुरीसुद्धा येते. कलम 31 प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांच्या किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय हत्यार घेऊन अभयारण्यात शिरता येत नाही. मुख्य वन्यजीव रक्षकांचं कार्यालय नागपुरात, आणि सरपणाला निघालेला कोरकू माणूस धारणी-चिखलदऱ्यात. शिकाऱ्याला रोखणारं हे कलम हवंच. पण शेतात अवजार असलेली कोरकू माणसाची कुऱ्हाड अभयारण्याच्या हद्दीत हत्यार ठरते, हे त्याला आधी कुणीतरी समजावून सांगायला हवं.

विळा आणि सरकार यांची गाठ वऱ्हाडाला नवी नाही. 10 जुलै 1930 रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळ राखीव जंगलातलं गवत कापून सत्याग्रह केला. तिथे गुन्हा गवत कापण्याचा होता; हातातला विळा रोजच्या कामाचाच होता.

अलीकडे पुण्यात कोयता टोळ्यांची दहशत वाढली, तेव्हा 2023 मध्ये पोलिसांनी विक्रेत्यांना खरेदीदाराची ओळख नोंदवायला सांगितलं. या उपायाने गुन्हेगाराचा माग लागू शकतो. मात्र आठवडी बाजारात जमिनीवर दुकान मांडणाऱ्या लोहाराला अशी वही ठेवणं जड जाईल.

म्हणून मागणी साधी आहे. शस्त्रबंदीच्या प्रत्येक आदेशात शेती, बागायत आणि कारागिरीच्या अवजारांना कामावर जाता-येताना स्पष्ट सूट लिहावी. आदेश कार्यालयाच्या फलकावर लावून न थांबता तो ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून आणि बाजारात वाचून दाखवावा. अवजार जप्त झालंच, तर पंचनाम्यात पात्याची लांबी-रुंदी, ते कशासाठी घडवलं आहे आणि माणूस कुठून कुठे निघाला होता, एवढं नोंदवावं. या नोंदी असल्या की शेतकऱ्याच्या वकिलाला न्यायालयात पहिल्याच तारखेला शस्त्र कायद्यातल्या सुटीवर बोट ठेवता येईल.