जॉर्जियाचे तीन गव्हर्नर

राज्याचा मुख्य अधिकारी एकाएकीं नाहींसा झाला तर त्याच्या जागीं कोणीं बसावें, हा प्रश्न वरवर पाहतां कारकुनी स्वरूपाचा वाटतो. घटनेचें पुस्तक उघडावें, कलम वाचावें आणि वारसास शपथ द्यावी, इतकें तें सोपें आहे अशी सामान्यतः समजूत असते. परंतु अमेरिकेंतील जॉर्जिया राज्यांत १९४७ सालीं याच प्रश्नानें दोन महिने राज्यकारभार खोळंबवून ठेवला. एका खुर्चीवर तिघांनीं हक्क सांगितला, आणि तिघांच्याही हातीं घटनेचेंच पुस्तक होतें.

ही गोष्ट समजण्यास एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. भारतांत राज्यपालाची नेमणूक राष्ट्रपति करतात. अमेरिकेंतील गव्हर्नर लोकांनीं निवडलेला असतो आणि प्रत्यक्ष कारभारही तोच पाहतो. एवढेंच नव्हे, तर राज्याचा सेक्रेटरी, अॅटर्नी जनरल, खजिनदार यांसारखे अधिकारीही पुष्कळ राज्यांत लोकच निवडतात. भारतांत मुख्यमंत्री गेला कीं त्याचें मंत्रिमंडळही जातें. तेथें गव्हर्नर गेला तरी हे अधिकारी जागच्या जागीं राहतात, कारण त्यांची सत्ता त्याच्यापासून आलेली नसते. जॉर्जियाच्या संकटांत या गोष्टीस मोठें महत्त्व आलें.

१९४६ च्या उन्हाळ्यांत डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक झाली. त्या काळीं जॉर्जियांत या पक्षाचा उमेदवार ठरला म्हणजे गव्हर्नरच ठरला. यूजीन टॅल्मेज यांचे प्रतिस्पर्धी जेम्स कार्मायकेल यांना प्रत्यक्ष मतें अधिक पडलीं. तरी विजय टॅल्मेज यांचा झाला. कारण तेथें मतें माणसांचीं मोजीत नसत, परगण्यांचीं मोजीत. १५९ परगण्यांना मिळून ४१० घटक-मतें होतीं. सर्वांत मोठ्या आठ परगण्यांना प्रत्येकीं ६, तर लहानांतल्या लहानासही २. त्यामुळें शहरांतील हजारों मतांवर खेड्यांतील शेंकडों मतें सहज मात करीत. न्यायालयांच्या निर्णयांमुळें नीग्रो नागरिकांना या प्राथमिक निवडणुकींत मत देण्याची वाट नुकतीच मोकळी झाली होती. ती पुन्हा बंद करूं, हेंच टॅल्मेज यांच्या प्रचाराचें मुख्य वचन होतें. तेव्हां खुर्चीचा हा वाद नुसता मानापमानाचा नव्हता.

टॅल्मेज यांची प्रकृति ढासळलेली होती. हें जाणून त्यांच्या कांहीं पाठीराख्यांनीं नोव्हेंबरच्या निवडणुकींत मतपत्रिकेवर त्यांचा मुलगा हर्मन याचें नांव हातानें लिहून ठेवलें. २१ डिसेंबर १९४६ रोजीं, शपथविधीपूर्वींच, यूजीन टॅल्मेज मरण पावले. घटनेंत असें कलम होतें कीं, कोणासही बहुमत नसेल तर हयात असलेल्या पहिल्या दोघांतून विधिमंडळानें गव्हर्नर निवडावा. परंतु १९४५ च्या नव्या घटनेनें लेफ्टनंट गव्हर्नर हें पदही प्रथमच निर्माण केलें होतें, आणि त्यावर एम. ई. थॉम्प्सन निवडून आले होते. मावळते गव्हर्नर एलिस आर्नल यांचें म्हणणें असें कीं, रीतसर वारस येईपर्यंत पद आपणच सांभाळावयाचें.

विधिमंडळांत मतें मोजतांना हर्मन प्रथम तिसऱ्या क्रमांकावर होता. मग टॅल्मेज घराण्याच्या टेल्फेअर परगण्यांतून ५८ मतें सांपडलीं आणि तो ६७५ मतांनिशीं सर्वांच्या पुढें गेला. पुढें जॉर्ज गुडविन या वार्ताहरानें यादी तपासली, तेव्हां मतदारांनीं अक्षरक्रमानें रांग लावून मतें दिल्याचें दिसलें. त्यांपैकीं कांहीं तर आधींच मरण पावले होते! या शोधाबद्दल १९४८ सालीं त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालें.

१५ जानेवारी १९४७ च्या पहांटे विधिमंडळानें १६१ विरुद्ध ८७ मतांनीं हर्मन टॅल्मेज यांस निवडलें. त्यांनीं कचेरी ताब्यांत घेऊन कुलुपें बदललीं. आर्नल यांनीं त्याच इमारतींतील चौकशीच्या टेबलाशीं आपलें ठाणें मांडलें. १८ जानेवारीस थॉम्प्सन यांचा शपथविधि होतांच आर्नल यांनीं राजीनामा दिला, आणि थॉम्प्सन यांनीं शहरांत दुसरीकडे कचेरी उघडली. या गोंधळांत राज्याचे सेक्रेटरी बेन फोर्टसन यांनीं राजमुद्रा कोणाच्याच हातीं लागूं दिली नाहीं. ते चाकांच्या खुर्चीवर बसत. मुद्रा त्यांनीं त्याच खुर्चींत, बैठकीखालीं लपविली होती. मुद्रा नाहीं, तर अधिकृत दस्तऐवज नाहीं!

१९ मार्च रोजीं राज्याच्या वरिष्ठ न्यायालयानें पांच विरुद्ध दोन मतांनीं निकाल दिला. मृत यूजीन यांना बहुमत मिळालेलेंच होतें. सबब विधिमंडळास निवडीचा अधिकार पोंचतच नव्हता. जुना गव्हर्नर पदावर राहिला आणि त्याच्या राजीनाम्यानें कारभार लेफ्टनंट गव्हर्नराकडे आला. हर्मन टॅल्मेज यांनीं त्याच दिवशीं कचेरी सोडली.

मात्र १९४८ च्या विशेष निवडणुकींत लोकांनीं हर्मन यांनाच गव्हर्नर केलें. परगण्यांच्या मतांची ती विषम पद्धति तर १९६३ पर्यंत टिकली. संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें तेव्हां ती रद्द ठरविली. न्यायालयानें खुर्चीचा धनी ठरविला, पण राज्याचें मन पालटणें त्याच्या हातीं नव्हतें. तरीही त्या दोन महिन्यांचें मोल कमी नाहीं. कुलुपें बदलणाऱ्या पक्षास अखेर कायद्यापुढें किल्ल्या ठेवाव्या लागल्या. आणि तोंवर एका अधिकाऱ्यानें, मुद्रा आपली नसून राज्याची आहे, हें ओळखून ती जपून ठेविली. वारसाचें कलम घटनेंत स्पष्ट लिहिलेलें असावें, हें खरेंच. परंतु तें संदिग्ध निघालें तर धीर धरणारा असा एखादा मनुष्यही जागेवर असावा लागतो.