बोटे गार पडतात तेव्हा
(फैजपूर येथे मदतदात्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



सातपुड्याच्या पाड्यांवर हिवाळ्यात लोकांची बोटे गार पडतात, बधिर होतात, हे मी मागे सांगितले होते. त्यावरून तुम्ही प्रेमाने रक्ताभिसरणाच्या गोळ्या पाठवल्या: गिंको, नायसिन, माशाचे तेल, ब-१२. आभार मानते. पण त्या मी वाटलेल्या नाहीत, आणि का, ते नर्स म्हणून तुम्हाला सांगायला हवे.

नायसिन घेतले की चेहरा लाल होतो, अंग तापते. माणसाला वाटते, रक्त धावू लागले. ती कातडीतली घटकाभराची लाली. बुजलेली रक्तवाहिनी तिने उघडत नाही. गिंकोने तर, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर रक्तस्रावाची भीती असते. ब-१२ ज्याच्या अंगात कमी आहे त्याला उपयोगी. कमी आहे का, ते आधी तपासावे लागते.

आता पाड्यावरचा तिशी-पस्तिशीचा गडी डोळ्यांसमोर आणा. केळीच्या बागेत मजुरीला येतो. चालता चालता तळपाय दुखून थांबतो. रात्री पाय खाटेखाली सोडून बसतो. पायाचे बोट काळेनिळे, नखाजवळची जखम महिनोन्महिने भरत नाही. घोट्याजवळ नाडी चाचपावी तर लागत नाही. आणि कानावर बिडी. या आजाराला बर्जरचा रोग म्हणतात; न्यूयॉर्कच्या लिओ बर्जर या डॉक्टरांनी 1908 साली त्याचे वर्णन केले. तंबाखूने हातापायांच्या लहान-मध्यम रक्तवाहिन्या सुजतात, आत गुठळी धरते. तंबाखू पूर्ण सोडली तर बोट वाचण्याची आशा असते. कमी करून भागत नाही, दिवसाला एक-दोन बिड्याही आजार जागा ठेवतात. गोळी खाऊन बिडी चालू ठेवणाऱ्याचे आधी बोट जाते, मग पाऊल.

सोड म्हणणे सोपे नाही हो. बिडीचे पान म्हणजे टेंभुर्णीचे पान, आणि उन्हाळ्यात जंगलातून ते तोडून आणणारी हीच माणसे. तेवढेच चार पैसे त्यांना मिळतात.

दुसरा प्रकार वेगळा. बोट फारसे गार नसते, पण चुलीचा चटका बसला तरी कळत नाही. अंगावर कुठेतरी फिकट किंवा लालसर, न दुखणारा, न खाजणारा चट्टा असतो. तिथे रक्ताचा प्रश्न नसून शिरेचा असतो. हा कुष्ठरोग असू शकतो. सरकारी दवाखान्यात त्याची औषधे फुकट मिळतात, प्रकार पाहून 6 किंवा 12 महिने घ्यायची. तोवर ताकदीच्या बाटलीत वेळ गेला, तर वाकडी झालेली बोटे औषधाने सरळ होतीलच असे नाही.

म्हणून माझे मागणे साधे आहे. एका माणसाला तपासणीला जळगावी न्यायचे तर एसटीचे भाडे लागते, आणि त्याची बुडालेली मजुरी. ते द्या. मऊ तळाच्या, पुढून बंद चपला द्या, लोकरी मोजे द्या.

बाटल्या मागच्या टेबलावर मांडून ठेवल्या आहेत. जाताना ज्याने त्याने आपापल्या घेऊन जाव्यात.