दोन वर्षांचं बिऱ्हाड



परिषदेच्या अध्यक्षाने आधी आपली अपात्रता सांगायची, अशी आपल्याकडे रीत आहे. ती मी आज मोडते. सोळा वर्षांत तीन देश, पाच करार आणि सात घरं बदलली. माझ्या आजच्या विषयाला एवढी पात्रता पुरे. युरोपात काम करणाऱ्या आपण मराठी संशोधकांनी दोन दिवस संशोधनावर भरपूर बोलून घेतलं. मी संशोधन करणाऱ्या माणसाच्या बिऱ्हाडाबद्दल बोलणार आहे.

जर्मनीतलं आमचं पहिलं घर मला अजून दिसतं. स्वयंपाकघर म्हणून दाखवलेल्या खोलीत ओटा नव्हता, सिंक नव्हतं, शेगडी नव्हती. भिंतीतून दोन नळ्या बाहेर आलेल्या आणि त्यांच्या तोंडाला बुचं. आधीचा भाडेकरू आपलं स्वयंपाकघर सोडवून घेऊन गेला होता. इथे तशी पद्धतच आहे, हे तुम्हाला माहीत आहे; आम्हाला नव्हतं. माझा करार दोन वर्षांचा. दोन वर्षांसाठी ओटा विकत घ्यायचा का, यावर आम्ही नवराबायको महिनाभर वाद घालत होतो आणि तोवर भांडी न्हाणीघरात घासत होतो.

दुसरा प्रसंग कचेरीतला. माझ्या पीएच.डी.च्या प्रमाणपत्रावर मधे वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव; पासपोर्टवर मधे नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. खिडकीपलीकडच्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि शांतपणे विचारलं, या दुसऱ्या बाई कोण? लग्नाचा दाखला, त्याचं भाषांतर, अपोस्टिलचा शिक्का सगळं होतं. पण मधलं नाव बदलतं म्हणजे नक्की काय होतं, हे त्या कागदांत कुठेच लिहिलेलं नव्हतं. शेवटी विद्यापीठातल्या परदेशी संशोधकांच्या मदतकेंद्रातली एक मुलगी माझ्याबरोबर आली. तिने कागदावर आमच्या घराण्याची चक्क आकृती काढली आणि महाराष्ट्रात नाव कसं चालतं ते कचेरीला समजावून दिलं. वीस मिनिटांत काम झालं. त्याआधीचे चार महिने माझ्या प्रयोगशाळेच्या वहीत कोरे आहेत.

ही मदत योगायोगाने मिळत नाही, तिच्यामागे यंत्रणा आहे. युरॅक्सेस या नावाने ४३ देशांत सहाशेहून अधिक केंद्रं चालतात. व्हिसा, घर, मुलाची शाळा, विमा याबाबत ती फुकट सल्ला देतात. युरोपियन युनियनच्या २०१६ च्या निर्देशाने संशोधकाच्या जोडीदाराला नोकरी करण्याचा हक्क दिला आणि संशोधन संपल्यावर काम शोधायला निदान नऊ महिने थांबायची मुभा दिली. डेन्मार्क आणि आयर्लंड मात्र त्यात नाहीत. युनियनच्याच मेरी क्युरी शिष्यवृत्ती योजनेत तर यजमान संस्थेला संशोधकाशी नोकरीचा रीतसर करार करावा लागतो, म्हणजे आजारपण, बाळंतपण, निवृत्तिवेतन सगळं त्यात आलं. नुसत्या विद्यावेतनावर, विम्यासाठी खिसा चाचपडत दिवस काढलेल्या माणसाला याची किंमत कळते. तेव्हा युरोपने काही केलं नाही, असं म्हणणाऱ्यांत मी नाही.

माझं गाऱ्हाणं वेगळं आहे. या सगळ्या व्यवस्थेने माणसाच्या जाण्याचा विचार केला. त्याच्या राहण्याचा आणि परतण्याचा फार थोडा केला.

ज्यांच्या नावाने ही योजना चालते त्या मेरी क्युरींचंच पाहा. वॉर्सातली ही मुलगी मुलांच्या शिकवण्या करून थोरल्या बहिणीला पॅरिसला वैद्यकीच्या शिक्षणासाठी पैसे पाठवत होती. बहीण स्थिरावली, तेव्हा १८९१ साली ही पॅरिसला गेली. पहिली शिष्यवृत्ती बहिणीची, असं म्हणायला हरकत नाही. १८९४ साली ती पोलंडला परतली. तिला तिथेच काम करायचं होतं. क्रॅकोच्या विद्यापीठाने बाई म्हणून जागा नाकारली आणि ती पुन्हा पॅरिसच्या गाडीत बसली. पुढे काय झालं ते जगाला ठाऊक आहे. पण तिला परतायचं होतं, ही गोष्ट आपण चटकन विसरतो.

आज त्या योजनेचा नियम असा, की अर्जाच्या मुदतीआधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही एखाद्या देशात १२ महिन्यांहून जास्त राहिला असाल, तर त्या देशात जाण्यासाठी ही शिष्यवृत्ती मिळत नाही. अठ्ठाविसाव्या वर्षी हा नियम मला फार आवडला होता. एकाच गुरूच्या पदराखाली बसू नका, जग बघा! छत्तिसाव्या वर्षी, मुलाला मिनतवारीने पाळणाघरात जागा मिळाल्यावर आणि नवऱ्याने भाषा शिकून नोकरी धरल्यावर, तोच नियम मी पुन्हा वाचला. नियमात एक अक्षर बदललेलं नव्हतं.

जर्मनीत दुसरी तऱ्हा. २००७ च्या कायद्याने डॉक्टरेटच्या आधी सहा आणि नंतर सहा वर्षं मुदतीच्या करारावर काम करता येतं. पुढे कायमची जागा मिळाली तर ठीक. संशोधन मंत्रालयाने हे समजावणारी एक चित्रफीत केली, तिची नायिका हान्ना. माणसं सतत बदलत राहिली नाहीत तर व्यवस्था तुंबेल, असं तीत सांगितलं होतं. तुंबणं हा शब्द मोरीचा. २०२१ साली हजारो संशोधकांनी ‘मी हान्ना’ म्हणत त्याला उत्तर दिलं. त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न अजून सुटलेला नाही.

करार एका सहीवर टांगलेला असला की विचारही टांगला जातो. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे १९२८ साली सासऱ्यांचा, म्हणजे खुद्द महर्षी कर्व्यांचा, विरोध असताना बर्लिनला आल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठतेचे पुरस्कर्ते. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि त्यांच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकाचा वंशाशी संबंध नाही, असं सरळ लिहिलं. पदवी घेऊन त्या पुण्याला परतल्या. त्यांची पदवी फिशरच्या हाती होती. आजच्या पोस्टडॉकचा पगार, निवासाचा परवाना आणि मुलाची पाळणाघरातली जागा, सगळंच प्राध्यापकाच्या हाती असतं. तेव्हा मतभेद किती जण कागदावर आणतील? संशोधकांच्या २००५ च्या युरोपीय सनदेत तक्रार ऐकायला निष्पक्ष माणूस असावा, असं म्हटलं आहे. २०२३ च्या डिसेंबरात नवी सनद आली. शेकडो संस्थांनी जुन्या सनदेचं बोधचिन्ह मिरवलं. सनद बंधनकारक मात्र नाही. सही करायला पेन लागतं, पाळायला पैसा लागतो.

निवृत्तिवेतनाबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिशीतल्या श्रोत्यांना त्याचा कंटाळा येतो. जर्मनीत हक्क मिळायला निदान पाच वर्षांचा भरणा लागतो. युरोपियन युनियनमधल्या देशांतली वर्षं एकत्र धरता येतात. भारत आणि जर्मनी यांच्यातही सामाजिक सुरक्षेचा करार आहे. प्रत्येक नोकरीचा कागद जपून ठेवा. मी दोन हरवले आहेत.

आणि परतणं. मेरी क्युरी योजनेत युरोपचा संशोधक युरोपबाहेर गेला, तर त्याच्या करारातच परतीचं एक वर्ष बांधलेलं असतं. पगारासकट! आपल्या माणसांसाठी युरोपला हे सुचतं, याचं मला कौतुक आहे आणि थोडा हेवाही. भारतात रामलिंगस्वामी, रामानुजन अशा फेलोशिप आहेत, त्यांनी चांगली माणसं परत आणली. पण पाच वर्षांनी जागा मिळेल की नाही, हे यजमान संस्थेच्या मर्जीवर. चाळिशीत पुन्हा दोन नळ्यांचं स्वयंपाकघर कुणाला हवंय?

या परिषदेने ठराव करावा, तो एवढाच: ज्या देशांतून संशोधक येतात तिथल्या परतीचं एक वर्ष त्यांच्याही करारात असावं, आणि जोडीदाराच्या भाषाशिक्षणाचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात धरावा. ठराव ब्रुसेल्सला पोचेल तेव्हा पोचेल.

तोवर आपल्या हातातलं काम करू. दाराजवळच्या टेबलावर एक जाड वही ठेवली आहे. जाण्यापूर्वी तीत आपलं शहर लिहा, तिथल्या कचेरीत कोणता कागद कशासाठी मागतात ते लिहा, आणि नव्याने येणाऱ्या कुटुंबाला पहिले आठ दिवस तुमच्या घरी उतरता येईल का, तेही लिहा. मधल्या नावाची आकृती मी पहिल्या पानावर काढून ठेवली आहे.