शस्त्राचा भरवसा

२०२३ साली जिल्हा झालेले पांढुर्णा असो वा त्याच जिल्ह्यातील सौंसर, परवान्याचे रिव्हॉल्व्हर पुष्कळदा चामड्याच्या म्यानातच पडून असते. पावसाळ्यात चामडे ओल धरते व पोलाद गंजते. आतील झीज तर सहसा दिसतच नाही. चाप हलका व्हावा म्हणून कोणी घोड्याची कमान कापून घेतो. मग आघात दुबळा पडून ऐन प्रसंगी काडतूस पेटत नाही. कित्येकदा बार क्षणभर उशिराने होतो. म्हणून नळी निर्धोक दिशेस रोखून थांबावे. नळी आखूड करणे १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ६ नुसार विनापरवाना निषिद्ध आहे. दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडूनच करवावी. निगेवाचून ठेवलेल्या शस्त्राचे भय प्रथम धन्यालाच असते.