माळेतला एकेक दिवा



१८७३ साली जर्मनीत अर्न्स्ट आबे यांनी दाखवून दिलं, की भिंग कितीही उत्तम घासा, साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा जवळ असलेल्या दोन वस्तू साध्या सूक्ष्मदर्शकातून वेगळ्या दिसणार नाहीत. पेशीतली पुष्कळशी प्रथिनं तर जेमतेम ५ नॅनोमीटरची. दिसतो तो नुसता उजेडाचा गोळा.

आपल्या मंडपावरची माळ लांबून अशीच एक पट्टी वाटते. पण दिवे एकेक करून लावले तर? ठिपका पसरटच दिसेल, मात्र त्याचा मध्य नेमका सांगता येईल. असे हजारो मध्य कागदावर मांडले की माळ उमटते. एरिक बेटझिग आणि हॅराल्ड हेस यांनी २००६ साली हेच करून दाखवलं. दोघांनाही तेव्हा नोकरी नव्हती, म्हणून यंत्र जोडलं ते हेस यांच्या दिवाणखान्यात! दिवे म्हणजे जांभळ्या प्रकाशाच्या हलक्या झोताने थोडी थोडी जागी होणारी प्रथिनं. २०१४ चं रसायनशास्त्राचं नोबेल बेटझिग, श्टेफान हेल आणि विल्यम मोर्नर यांना मिळालं. हेल यांची रीत निराळी, ती पुन्हा केव्हातरी.

जिवंत पेशीत खरी पंचाईत. ती पहिली चित्रं रसायनांनी थिजवलेल्या पेशींची होती, आणि एकेकाला काही तास लागले. जिवंत पेशीतले रेणू तेवढ्यात कुठल्या कुठे जातात. घाई करायची तर झोत वाढवावा लागतो, आणि त्या उजेडानेच पेशी मरते. म्हणून कुणी सुंदर चित्र दाखवलं की मी आधी विचारतो, पेशी नंतर विभागली का?