गती कोणासाठी?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय 'पर्यायी ब्राउझर' असा छापलेला पाहून आज सकाळी एका ज्येष्ठ साथींनी मला विचारले, की जमीन, पाणी आणि रोजगार हे प्रश्न सोडून या यंत्राच्या गोष्टी आपण कशाला काढता? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर तात्त्विक चर्चेने देण्याऐवजी आपल्या कार्यालयात घडलेल्या एका साध्या प्रसंगाने देतो.

आपल्या कार्यालयात एक जुना संगणक आहे. त्याची रॅम अवघी ४ जीबी. शिधापत्रिकांचे अर्ज, सातबाराचे उतारे, निवृत्तिवेतनाची अडलेली प्रकरणे असे सारे काम त्यावरच चालते. गेल्या वर्षी आपण ठराव केला, की गूगलच्या क्रोमऐवजी फायरफॉक्स वापरावयाचा. ठराव एकमताने झाला आणि तीन आठवड्यांत तितक्याच एकमताने मोडला. मोडण्यामागे वैचारिक मतभेद मुळीच नव्हता. 'तो फार मंद चालतो', एवढीच तक्रार होती. बाहेरच्या बाकावर उताऱ्यासाठी म्हातारी माणसे ताटकळत असताना कार्यकर्त्याने तत्त्वासाठी पडद्याकडे पाहत बसावे, असे मीही म्हणणार नाही. परंतु तो मंद का चालतो, हे कोणी पाहिले नव्हते. ते पाहण्याचे काम मी अंगावर घेतले. त्यातून जे हाती आले ते आज सांगावयाचे आहे.

त्याआधी या पर्यायाचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे. महाजालाची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत मांडली. ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने त्याची मूळ आज्ञावली सर्वांना मुक्तपणे वापरण्यास खुली केली. म्हणजे ज्या जमिनीवर आज एवढे इमले उभे आहेत, ती मुळात गायरान होती. १९९४ मध्ये नेटस्केप हा ब्राउझर आला, १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर आला. मायक्रोसॉफ्टने आपला ब्राउझर विंडोजशी बांधून टाकला. अमेरिकी सरकारने १९९८ मध्ये खटला भरला, २००० मध्ये कंपनीचे विभाजन करण्याचा आदेश निघाला आणि २००१ मध्ये अपील न्यायालयाने मक्तेदारीचा दोष कायम ठेवून विभाजन मात्र रद्द केले. तोवर नेटस्केप संपल्यात जमा झाला होता. जाता जाता त्याने एक मोठे काम केले. ३१ मार्च १९९८ रोजी त्याची मूळ आज्ञावली जगाला खुली करण्यात आली. तिच्यातून मोझिला उभी राहिली आणि ९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. त्याच डिसेंबरात हजारो स्वयंसेवकांनी वर्गणी काढून 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये दोन पाने भरून त्याची जाहिरात दिली व तीत आपली नावे छापली. वर्गणीचे पावतीपुस्तक घेऊन हिंडलेल्या आपल्यासारख्यांना त्याचे मोल निराळे सांगावयास नको.

या इतिहासातील एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. बाजारपेठ जिंकल्यानंतर मायक्रोसॉफ्टने काय केले? इंटरनेट एक्सप्लोररची सहावी आवृत्ती २००१ मध्ये आली आणि सातवी थेट २००६ मध्ये. पाच वर्षे! स्पर्धा जोरात असताना वर्षा-दीड वर्षाने नव्या आवृत्त्या काढणारी कंपनी प्रतिस्पर्धी आडवा झाल्याबरोबर झोपी गेली. ती जागी झाली तेव्हा फायरफॉक्स मैदानात उतरलेला होता. ज्यांनी फायरफॉक्स कधी उघडलाही नाही, त्यांनाही त्याच्या अस्तित्वाचा लाभ झाला. मक्तेदारी कार्यक्षम असते, असे सांगणाऱ्या अर्थशास्त्र्यांसमोर ही पाच वर्षे ठेवावीत.

आता दुसरी बाजू. २००८ मध्ये क्रोम आला तेव्हा तो खरोखरीच वेगवान होता आणि एक टॅब कोसळला तरी बाकीचे उभे राहतील अशी त्याची रचना होती. हे कर्तृत्व नाकारण्यात अर्थ नाही. मात्र तो ज्या पायावर उभा होता तो पाया कोणाचा? केडीई या मुक्त प्रकल्पातील मंडळींनी कॉन्करर या ब्राउझरसाठी केएचटीएमएल नावाचे इंजिन घडविले होते. २००३ मध्ये अॅपलने ते सफारीसाठी घेतल्याचे जाहीर केले व त्याचे वेबकिट झाले. वेबकिटवर क्रोम उभा राहिला. २०१३ मध्ये गूगलने त्याची ब्लिंक नावाची वेगळी शाखा काढली. आज ऑपेरा, ब्रेव्ह आणि २०२० पासून मायक्रोसॉफ्टचा एजसुद्धा याच ब्लिंकवर चालतो. दुकानांच्या पाट्या निराळ्या, मागचे गोदाम एकच. स्वतःचे स्वतंत्र इंजिन राखून व्यापक वापरात असलेला, या घराण्याबाहेरचा ब्राउझर म्हणजे फायरफॉक्स. म्हणून ठराव त्याच्या बाजूने होता.

आता कार्यालयातील संगणकाकडे येतो.

प्रथम माझीच एक फजिती सांगतो. फायरफॉक्स नवा होता त्या काळी एक युक्ती हातोहाती फिरत असे. त्याच्या अंतर्गत मांडणीत शिरून 'पाइपलायनिंग' नावाचा पर्याय चालू करावयाचा, म्हणजे पहिल्या मागणीचे उत्तर येण्याआधीच पुढच्या मागण्या त्याच जोडणीवर पाठविल्या जात. मीही एका सायबर कॅफेत हे करून आपण मोठे तंत्रज्ञ झाल्याचा आनंद उपभोगला होता. त्यातील गोम अशी, की उत्तरे मात्र त्याच क्रमाने यावी लागत. रेशनच्या रांगेत पहिल्याचे कार्ड अडले की मागचे सगळे उभे, तशीच ती गत. पुढे २०१५ मध्ये एचटीटीपीची दुसरी आवृत्ती प्रमाण ठरली. तीत एकाच जोडणीवरून अनेक उत्तरे सरमिसळ येऊ शकतात. त्यामुळे जुन्या युक्तीचे काम संपले व २०१७ मध्ये फायरफॉक्समधून तो पर्यायच काढण्यात आला. तरीही गेल्या वर्षी मी जुन्या सवयीने तोच शोधत अर्धा तास घालविला! 'ब्राउझर जलद करण्याच्या युक्त्या' म्हणून जे काही फिरत असते, त्यातील पुष्कळसे असे मेलेले असते.

मग मी सरळ मार्ग धरला. फायरफॉक्सच्या मेनूत कार्यव्यवस्थापक आहे. शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या तरी तो उघडतो. कोणता टॅब व कोणती जोडआज्ञावली, म्हणजे आपण ज्याला एक्स्टेन्शन म्हणतो ते, किती स्मृती आणि किती प्रोसेसर खात आहे याचा तेथे चोख हिशेब दिसतो. तो पाहून मी थक्क झालो. उघड्या टॅबची संख्या वीसच्या वर होती. कोणी तरी खरेदीत सवलत शोधून देणारे एक एक्स्टेन्शन बसवून ठेवले होते व ते प्रत्येक पानात डोकावत होते. (कोणी, ते मी विचारले नाही.) आणि सर्वांत जड टॅब उताऱ्याचा नव्हता की अर्जाचा नव्हता; सकाळी कोणी उघडून ठेवलेल्या एका वृत्तपत्राच्या पानाचा होता. त्या पानावर बातमी होती दोन परिच्छेदांची. उरलेला सारा भार जाहिराती, आपोआप सुरू होणारी चित्रफीत आणि वाचक कोण, कोठून आला, कोठे थांबला याची टिपणे घेऊन तिसऱ्यालाच कळविणाऱ्या आज्ञावल्यांचा होता.

साथींनो, येथे माझ्या मनात विषय स्पष्ट झाला. आपला संगणक मंद नव्हता. तो दुसऱ्याच्या चाकरीत होता. वीज आपली, इंटरनेटचे बिल आपले, वेळ बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसांचा, आणि त्यावर चाललेले काम मात्र जाहिरातदाराचे. मोबाइलवर तर हे अधिक उघड दिसते. रोजचा ठरावीक डेटा असलेले रिचार्ज करणाऱ्या मजुराच्या डेटातून जाहिरात आपले भाडे वसूल करून घेते.

उपाय साधे होते. ते एक्स्टेन्शन काढले. नको ते टॅब बंद केले. मागोवा घेणाऱ्यांपासून संरक्षण देण्याची जी सोय फायरफॉक्समध्ये मुळातच आहे, ती 'कडक' या पातळीवर नेली आणि जाहिराती अडविणारे यूब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेन्शन बसविले. तेही फुकट आहे आणि त्याची मूळ आज्ञावली खुली आहे. त्यानंतर तेच पान घड्याळ लावून उघडले. पूर्वीच्या निम्म्याहून कमी वेळ लागला. 'कडक' पातळीवर एखादे संकेतस्थळ नीट चालत नाही, तेव्हा पत्त्याच्या पट्टीतील ढालीच्या चिन्हावर जाऊन तेवढ्यापुरती सूट देता येते. मांडणी फारच बिघडली असेल तर 'रिफ्रेश' नावाचा पर्याय आहे. तो एक्स्टेन्शन व बदललेल्या मांडण्या काढतो, खुणेची पाने आणि पासवर्ड मात्र राखतो.

तरीही रॅमची अडचण शिल्लक राहिली. आजचे ब्राउझर सुरक्षिततेसाठी निरनिराळी संकेतस्थळे निरनिराळ्या प्रक्रियांत ठेवतात. त्याची किंमत स्मृतीत मोजावी लागते. ४ जीबी संपली की संगणक हार्ड डिस्कचा आधार घेतो आणि तेथे तो बैलगाडीच्या चालीने चालू लागतो. जुन्या डिस्कच्या जागी एसएसडी बसविली तेव्हाच कार्यालयातील तक्रार खऱ्या अर्थाने थांबली. त्याचा खर्च दोन साथींनी उचलला. निव्वळ इच्छाशक्तीने सगळे झाले, असा समज मी करून देऊ इच्छित नाही.

यावर आपल्या साप्ताहिकाचे काम पाहणाऱ्या एका साथींनी मला गंभीर हरकत घेतली. जाहिराती अडविल्या तर लहान वृत्तपत्रांनी जगावे कसे? आपले साप्ताहिकही दिवाळी अंकाच्या जाहिरातींवर बऱ्याच अंशी तगून आहे. ही हरकत मी हसण्यावारी नेत नाही. परंतु दिवाळी अंकातील सहकारी बँकेची जाहिरात वाचकाकडे उलटून पाहत नाही. ती त्याच्या मागोमाग घरी जात नाही. माझा विरोध त्या पाळतीला आहे. ज्या संकेतस्थळाचा उपकार वाटतो त्याला अडवणुकीतून वगळता येते; त्याहून बरे म्हणजे त्याची वर्गणी भरावी.

शिवाय काय अडवावे आणि काय नाही, हे ठरविण्याची मुभा कोणाच्या हाती आहे हेही पाहिले पाहिजे. २०२४-२५ मध्ये क्रोमने एक्स्टेन्शनचे नियम बदलले आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन बाद झाले. त्याची एक दुबळी आवृत्ती तेथे उरली. जाहिरातींवर चालणारी कंपनीच जाहिराती अडविण्याचे नियम करते! फायरफॉक्समध्ये ते पूर्ण स्वरूपात चालते, अँड्रॉइड फोनवरही. भारतात स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, त्यात एक मुद्दा फोन उत्पादकांवर गूगलची सगळी अॅप एकत्र बसविण्याच्या सक्तीचा होता. तरी नवा फोन हाती आल्यावर दुसरा ब्राउझर शोधण्याची तसदी किती जण घेतात, हे आपण जाणतोच.

मात्र फायरफॉक्सची आरती ओवाळण्यासाठी मी उभा नाही. ज्याच्या मक्तेदारीला तो पर्याय आहे, त्याच गूगलच्या पैशावर तो मुख्यतः जगतो. शोधाच्या चौकटीत गूगल ठेवण्याबद्दल मिळणारी रक्कम हाच मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकी न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगल ही शोधसेवेतील मक्तेदार असल्याचा निर्णय दिला, तेव्हा ही देणी बंद झाली तर फायरफॉक्स बुडेल अशी भीती मोझिलानेच व्यक्त केली. सप्टेंबर २०२५ च्या आदेशात मेहतांनी क्रोम विकावयास लावले नाही आणि अशा रकमा देण्यावर सरसकट बंदीही घातली नाही. सावकाराच्याच ओसरीवर भरणारी ही पतपेढी आहे. तिच्या कारभाराबद्दलही तक्रारी आहेत. २०२० मध्ये तिने सुमारे २५० कर्मचाऱ्यांना कामावरून काढले. ज्या गटाच्या संशोधनातून २०१७ च्या आवृत्तीला मोठी गती मिळाली होती, त्याच गटातील माणसे त्यात होती. असे असूनही ही आज्ञावली खुली आहे, आणि मोझिला उद्या बिघडली तरी ती दुसऱ्या कोणाला उचलून पुढे नेता येईल. नेटस्केपच्या वेळी नेमके हेच घडले होते.

शेवटची एक तक्रार नोंदवून थांबतो. आपण ज्या संकेतस्थळांवर लोकांची कामे करतो त्यांतील एका सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरताना 'क्रोमचाच वापर करावा' अशी सूचना झळकते. फायरफॉक्समध्ये अर्ज भरून पाहिला. शेवटच्या पानापर्यंत सारे ठीक चालले आणि कागदपत्र चढविण्याचे बटण तेवढे दबेना. नागरिकाने सरकारी कामासाठी एका खाजगी कंपनीचेच साधन वापरावे, ही अट कोणत्या कायद्यात बसते हे विचारणारे निवेदन मी तयार केले आहे. ते बाहेरच्या टेबलावर ठेवले आहे; वाचून, पटल्यास सही करावी. आपल्या तालुक्यातही असा अनुभव आला असेल तर संकेतस्थळाचे नाव, तारीख आणि पडद्याचे छायाचित्र त्यासोबत जोडावे. चहानंतर कार्यालयातील संगणक सुरू ठेवणार आहे. फायरफॉक्स मराठीतही मिळतो; ज्यांना तो आपल्या फोनवर बसवून हवा असेल त्यांनी तेथे यावे, येताना फोन चार्ज करून आणावा.