मागची रांग



२८ डिसेंबर १८८५ रोजी मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत राष्ट्रसभेचे पहिले अधिवेशन भरले. त्यास ७२ प्रतिनिधी आले होते. त्यांचे समूहचित्र आपण शाळेच्या पुस्तकात पाहिले असेल. पगड्या, दाढ्या, उपरणी न्याहाळीत आपली दृष्टी पुढच्या मातब्बरांवरून मागे सरकते आणि तेथे चेहरे ओळखू येतात की नाही, हे शोधू लागते. समूहचित्र हा हजेरीपटच आहे, आणि हजेरीपटावर ज्याचे नाव पुसट, तो गैरहजर धरला जाण्याचा संभव फार.

हे शहाणपण मला उशिरा आले. पस्तीस वर्षांपूर्वी येथील वैनगंगेवरच्या इंग्रजी अमदानीतल्या पुलाच्या अलीकडे एका वऱ्हाडाचा फोटो मी घेतला. दिवस मावळत आला होता, म्हणून भिंगाचे छिद्र मी पुरते उघडले आणि दुसऱ्या रांगेत खुर्चीवर बसलेल्या नवरदेवावर फोकस धरला. फोटो धुऊन आला तेव्हा त्याच्या शेल्याची जर मोजून घ्यावी इतकी स्वच्छ, आणि चौथ्या रांगेतले आजोबा मात्र पौषातल्या धुक्यात उभे असावेत तसे! पुढे वर्षभरात ते वारले. घरच्यांपाशी त्यांचा दुसरा फोटो नव्हता.

चूक कोठे झाली, याचा हिशेब साधा आहे. पस्तीस मिलिमीटरची फिल्म, पन्नास मिलिमीटरचे भिंग आणि नवरदेव पाच मीटरांवर, असे धरले तर एफ-२ या उघड्या छिद्राला स्पष्टतेची हद्द सुमारे साडेचार मीटरांपासून पावणेसहा मीटरांपर्यंतच पडते. दोन-दोन फुटांवर उभ्या असलेल्या चार रांगांतली शेवटची सव्वासहा मीटरांच्या आसपास जाते, म्हणजे हद्दपार होते. तेच छिद्र एफ-८ केले असते तर ती हद्द सुमारे साडेतीन मीटरांपासून साडेनऊ मीटरांपर्यंत विस्तारली असती. परंतु तेव्हा प्रकाश सोळावा हिस्साच आत येतो. शटर सोळापट वेळ उघडे ठेवावे लागते, आणि तेवढ्यात कोणाची तरी मान हलतेच.

आमच्या धंद्यात एक सनदेसारखा मानलेला नियम आहे, की स्पष्टतेचा एक हिस्सा फोकसच्या पुढे आणि दोन हिस्से मागे असतात. मी तो पुष्कळ दिवस पाळला. तो सर्वत्र खरा नाही. आताच्याच हिशेबात एफ-२ ला पुढे-मागे जवळजवळ सारखीच वाटणी होते, आणि एफ-८ ला मागचा वाटा पुढच्याच्या जवळपास तिप्पट भरतो. छिद्र उघडे असता नियमावर विसंबून मध्याच्या पुढे फोकस धरणारा मागच्या रांगेचा हक्क नकळत बुडवितो.

दुसरी जुनी रीत अर्धचंद्राची. जोझेफ पेट्झव्हालने १८४० मध्ये सिद्ध केलेले भिंग प्रकाश विपुल घेई, पण त्याचे फोकसचे पटल वाटीसारखे वाकलेले असे. म्हणून टोकाच्या माणसांना कॅमेऱ्याकडे वळवून बसविणे तेव्हा शहाणपणाचे होते. आजच्या भिंगांचे पटल बहुधा सपाट असते, तरी मंडळी सवयीने कोर धरतात आणि टोकाचे जावई-मेहुणे पुढे सरकून अंधुक होतात. त्यांनी सरळ ओळीत राहावे. त्याहूनही गुणकारी उपाय म्हणजे मागच्या रांगांना बाकांवर चढवून कॅमेरा स्टुलावर उंच घ्यावा आणि किंचित खाली झुकवावा. त्यासरशी फोकसचे पटलही वरच्या बाजूने मागे कलते आणि पायरीपायरीने चढत गेलेल्या चेहऱ्यांशी जुळते. अंतर दुप्पट केले तर स्पष्टतेची खोली सुमारे चौपट होते, हेही विसरू नये. चेहरे लहान येतात खरे, पण लहान आणि स्वच्छ चेहरा मोठ्या व धूसर चेहऱ्याहून बरा. आता कॅमेरेच चेहरे हुडकतात म्हणे! हुडकोत बापडे, मात्र ते बहुधा सर्वांत जवळचा चेहरा पसंत करतात, आणि तेवढ्याने मागच्याचे काही भागत नाही.

व्याख्यान संपताच, उजेड आहे तोवर, आपणा सर्वांचा फोटो घ्यावयाचा आहे. मागच्यांनी समोरच्या खुर्चीच्या पाठीला गुडघे टेकतील इतके जवळ यावे, आणि मी हात खाली करीपर्यंत कोणी हलू नये, एवढी विनंती.